जमेच्या बाजूचे भाऊजी

हॉटेलात बिल यायची वेळ झाली की पुण्यातली माणसं एकदम कामात गुंततात. कुणी बडीशेप निवडत बसतो, कुणाला नेमका तेव्हाच फोन येतो, कुणी हात धुवायला जातो आणि कोपरापर्यंत धुतो. आमचे भाऊजी मात्र बिल टेबलावर टेकायच्या आत वेटरच्या हातून काढून घेतात. नव्या ओळखीचा माणूस गहिवरतो. "अहो, असं कसं, आज आम्ही..." म्हणत खिशाकडे हात नेतो. भाऊजी तो हात वरच्या वर अडवतात आणि कार्ड पुढे करतात. "असा दिलदार गृहस्थ हल्ली बघायला मिळत नाही," असं तो माणूस जिना उतरताना बायकोला सांगतो. पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत त्याच्या फोनवर मेसेज आलेला असतो : ‘आपल्या वाट्याचे ६४७ रुपये. यूपीआय चालेल.’

भाऊजींना खर्च करायचा नसतो. त्यांना फक्त खर्च स्वतःच्या कार्डावरून व्हायला हवा असतो. कारण कार्डावर पॉइंट मिळतात.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी सरकारी लेखा खात्यात झाली, तीही लोकांच्या प्रवासभत्त्याची बिलं तपासण्यात. साध्या एसटीने जाता येत असताना निमआराम का, दुसऱ्या वर्गाची पात्रता असताना पहिल्या वर्गाचं तिकीट कशाला, असे प्रश्न विचारून त्यांनी भल्याभल्या अधिकाऱ्यांची बिलं परत पाठवली. ‘अनुज्ञेय नाही’ हा त्यांचा आवडता शेरा. लाल शाईत, बारीक अक्षरात, खाली सही. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि एक लाल पेन दिलं.

निवृत्तीनंतर कोणत्याशा बँकेच्या पोराने त्यांच्या गळ्यात क्रेडिट कार्ड मारलं. पोराचं त्या महिन्याचं टार्गेट पूर्ण झालं आणि भाऊजींना जगण्याचं कारण मिळालं. अप्पा बळवंत चौकातून लाल कापडी बांधणीची लांबुडकी वही आली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेच्या बाजूला सबंध नातेवाइकांचा संसार उतरला : शेजाऱ्यांचा फ्रीज, पुतण्याची कॉलेजची फी, खालच्या मजल्यावरच्या काकूंचे मोत्याचे कुडे, कुणाच्या विम्याचा हप्ता. "पैसे मला द्या, कार्ड माझं वापरू," एवढंच त्यांचं म्हणणं. लक्ष्मी रोडवर लग्नाचा बस्ता बांधायला बायका निघाल्या की भाऊजी न बोलावता बरोबर जातात. शालूचा पोत, काठ, पदर यांतलं त्यांना काही कळत नाही. ते गल्ल्याशेजारी उभे राहतात आणि यंत्रात कागदाची गुंडाळी आहे ना ते बघून ठेवतात.

माझ्या मुलीच्या लग्नात केटररने हिशेबाच्या वेळी सांगितलं, कार्ड चालेल, पण वर दोन टक्के पडतील. मी रोख रक्कम मोजत होतोच. भाऊजी फेटा सावरत मध्ये आले. आहेराच्या एका रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी लाल पेनाने भागाकार मांडला, दोनदा तपासला, आणि म्हणाले, "दोन टक्के मी भरतो." मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. भाऊजी स्वतःच्या खिशातून काहीतरी भरताहेत हे दृश्य आमच्या खानदानात कुणी पाहिलेलं नव्हतं. विहीणबाईंनी तर आमच्याकडची माणसं फार मोठ्या मनाची आहेत, असं गावभर सांगितलं.

तो भागाकार त्यांनी मला नंतर समजावून सांगितला. पॉइंट देऊन बँकेच्या यादीतला मिक्सर घेतला, तर एका पॉइंटाचे पंचवीस पैसेसुद्धा पडत नाहीत. देशातल्या देशात विमानाचं तिकीट काढलं तर भाव थोडा बरा. पण तेच पॉइंट विमान कंपनीच्या माइल्समध्ये वळवले आणि लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय विमानाचं फर्स्ट क्लासचं तिकीट घेतलं, तर एका पॉइंटाला रुपयाच्या वर भाव येतो. एवढा भाव दुसऱ्या कशालाच नाही. म्हणून फर्स्ट क्लास. शॅम्पेन, मऊ गादी, पायाशी कुणीतरी घडी करून ठेवलेलं पांघरूण यांचा त्या निर्णयाशी काही संबंध नव्हता. सुखाशी भाऊजींचं भांडण नाही, पण त्यांची फारशी ओळखही नाही.

या पंथाचे भाऊजी पुण्यातले एकटेच असले, तरी पंथ मोठा आहे. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी मैल जमा करण्याची योजना काढली, तेव्हापासून जगभर त्याचे साधक तयार झाले. त्यातले आद्य संत कॅलिफोर्नियातले डेव्हिड फिलिप्स. पेशाने सिव्हिल इंजिनिअर. १९९९ मध्ये एका खाद्यपदार्थ कंपनीने पाकिटावरच्या बारकोडच्या बदल्यात विमानाचे मैल द्यायचं जाहीर केलं. फिलिप्स दुकानं पालथी घालून सगळ्यात स्वस्त वस्तू शोधत गेले. ते निघालं पुडिंग. त्यांनी सुमारे तीन हजार डॉलरमध्ये पुडिंगचे १२,१५० कप उचलले आणि साडेबारा लाख मैल खात्यावर घेतले. बारकोड सोलायला हात पुरेनात, तेव्हा एका धर्मादाय संस्थेचे स्वयंसेवक लावले. मोबदल्यात पुडिंग संस्थेला दान. आणि त्या दानाबद्दल आयकरात सूट. ही गोष्ट सांगताना भाऊजी पुडिंगपर्यंत कोरडे असतात, मैलांपर्यंतही कोरडे असतात. आयकराच्या सवलतीपाशी त्यांचा आवाज कापरा होतो.

दुसरी कथा अमेरिकेच्या टाकसाळीची. लोकांनी डॉलरची नाणी वापरावीत म्हणून टाकसाळ ती दर्शनी किमतीलाच घरपोच पाठवी. साधकांनी कार्डावर नाणी मागवली, खोकी न फोडता बँकेत नेऊन भरली, त्याच पैशांनी कार्डाचं बिल चुकतं केलं आणि मैल ठेवून घेतले. २०११ मध्ये टाकसाळीने कार्डावर ही नाणी विकणं बंद केलं. "प्रामाणिक माणसाला जगू देत नाहीत," असं भाऊजींचं त्यावर भाष्य आहे. त्यांच्या स्वतःच्या बँकेनेही एकदा विम्याच्या हप्त्यांवरचे पॉइंट बंद करत असल्याचा ईमेल पाठवला होता. त्या रात्री भाऊजी जेवले नाहीत. ताईने विचारलं, "कुणी गेलं का?"

भाची न्यू जर्सीत असते. तिला बाळ झालं, ताईला जायचं होतंच, माझंही बरेच दिवस घाटत होतं. भाऊजींनी सूत्रं हाती घेतली. त्यांनी एमिरेट्सचं दुबई–न्यूयॉर्क विमान निवडलं आणि महिनाभर त्याचा असा अभ्यास केला की खात्याची परीक्षासुद्धा त्यांनी एवढ्या अभ्यासाने दिली नसेल. एअरबस ए-३८०. दुमजली. १ ऑगस्ट २००८ रोजी एमिरेट्सने आपलं पहिलं ए-३८० उडवलं ते याच मार्गावर. वरच्या मजल्यावर पुढे फर्स्ट क्लासचे १४ सूट, प्रत्येकाला सरकतं दार. आणि विमानात दोन न्हाणीघरं. "जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर अंघोळ," भाऊजी म्हणाले, "माणशी पाच मिनिटं गरम पाणी." यातलं त्यांना अंघोळीपेक्षा पाच मिनिटांचं अप्रूप जास्त होतं. कुणीतरी पाणी मोजून देतंय, याचा अर्थ व्यवस्था नीट आहे.

शिवाय घाई करणं भाग होतं. एअरबसने २५१ विमानं कंपन्यांना देऊन २०२१ मध्ये ए-३८०चं उत्पादन थांबवलं. त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. आता नवं बनणार नाही. इकडे बिझनेस क्लासमध्येच खुर्चीचा सपाट पलंग व्हायला लागल्यापासून कित्येक कंपन्यांनी फर्स्ट क्लास गुंडाळून टाकला. "आहे तोवर घेतलं पाहिजे," भाऊजी म्हणाले.

पॉइंट एकाच माणसापुरते होते. बाकी दोघं खालच्या मजल्यावर, इकॉनॉमीत. "तुम्हीच बसा हो," ताई म्हणाली, "मला भावाशी गप्पा मारायच्या आहेत." माइल्सवर मिळणारी सीट अडीच महिन्यांत एकाच दिवशी मोकळी होती. पहाटे दोनला उठून भाऊजींनी ती पकडली. कर आणि अधिभार तेवढा रोख भरावा लागला. तो आकडा त्यांनी वहीत लिहिला, पण कुणाला वाचू दिला नाही.

मुंबईच्या विमानतळावर मध्यरात्रीनंतर आम्ही रांगेत उभे असताना घरच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला. शेंदरी गणपती, जास्वंदीची फुलं, आणि खाली : ‘अंगारकी संकष्ट चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा’. पाठोपाठ आणखी सात जणांनी तेच चित्र पाठवलं.

भाऊजींचा चेहरा उतरला. संकष्टी ते नोकरीला लागल्यापासून करतात. एकही चुकलेली नाही. खंड पडला की मागचं सगळं बुडतं, अशी त्यांची पक्की समजूत. मुदत संपलेल्या पॉइंटांचं होतं तसंच.

"अहो, प्रवासात सूट असते," ताई म्हणाली. "पुढच्या महिन्यात करा."

"अगं, साधी असती तर एक वेळ विचार केला असता. अंगारकी आहे. एका अंगारकीला एकवीस संकष्ट्यांचं पुण्य." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एकवीसपट. असा बोनस कुठली बँक देते?"

तर असे आमचे भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा, आणि नावे बाजूला भला मोठा आकडा टाकून, फर्स्ट क्लासमध्ये बसले ते कडकडीत उपासाच्या दिवशी. दुबईला तिसऱ्या टर्मिनलमध्ये फर्स्ट क्लासवाल्यांसाठी लाउंजचा आख्खा मजला आहे. तिथे टेबलंच्या टेबलं मांडलेली. भाऊजी त्या मजल्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, प्रत्येक पदार्थाचं नाव वाचलं, आणि दोन केळी घेऊन बसले.

पुढची हकिगत आम्हाला त्यांच्याच तोंडून कळत गेली, कारण विमान स्थिरावल्यावर तासाभरातच पुढचा रुंद जिना उतरून ते इकॉनॉमीत आले. अंगात राखाडी रंगाचा पायजमा-सदरा, पायांत सपाता. आमच्या रांगेतली माणसं सरसावून बसली. कुणी पेशंट आहेत असं त्यांना वाटलं असावं.

"कापडाला हात लाव," भाऊजी ताईला म्हणाले. "विमानात हवा कोरडी असते. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली जातो. म्हणून या कापडातच समुद्री शेवाळाचा अर्क घातलाय. घातल्या घातल्या अंगाला लागतो." मग आवाज खाली आणून, "शेवाळ उपासाला चालतं का गं?"

"खायचं थोडंच आहे?"

"अंगात जिरतं म्हणतात."

ताईने क्षणभर विचार करून सांगितलं की पाण्यातलं आहे, चालेल. शिंगाडा चालतोच की.

वर काय काय आलं त्याचा तपशील त्यांनी उभ्या उभ्या दिला. अरबी कॉफी आणि खजूर आले, ते घेतले. दोन्ही अनुज्ञेय. मग शॅम्पेन आली. डोम पेरिन्यों. बाटलीची किंमत भाऊजींना तोंडपाठ होती. अनुज्ञेय नाही. मग कॅव्हियार. ते खावं तितकं देतात. भाऊजी एरवीही शाकाहारी, पण तिथे बसून त्यांनी ग्रॅमचा भाव काढला होता, आणि पलीकडच्या सूटमधल्या माणसाने दुसऱ्यांदा मागवलं, तेव्हा तो आकडा त्यांना बघवला नाही. त्यांनी सरकतं दार ओढून घेतलं.

हवाई सुंदरीने गुडघ्यावर टेकून विचारलं होतं, "सर, तुम्हाला काहीच नको?" भाऊजींनी तिला उपास समजावून सांगितला. धान्य नाही, कांदा-लसूण नाही, डाळ नाही. बटाटा चालतो. रताळं चालतं. वांगं नाही. दही चालतं. हिरवी मिरची चालते, पण हळद नाही. ती मुलगी युरोपातली कुठलीशी. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "ही ॲलर्जी कधीपासून आहे?"

"चाळीस वर्षं," भाऊजी म्हणाले.

तिने मनापासून हळहळून एका चिनीमातीच्या सुरेख थाळीत उकडलेला बटाटा आणून दिला. पांढरंशुभ्र टेबलक्लॉथ, जड काटे-चमचे, कापडी रुमाल, मध्यभागी बटाटा. त्याचा फोटो भाऊजींनी आम्हाला दाखवला. बटाटा एकटाच होता, पण थाटात होता.

"मीठ होतं?" ताईने विचारलं.

"होतं. पण सैंधव नाही."

ताईने पायाशी ठेवलेली पिशवी वर घेतली. लेकीकडे जाताना ती नेते त्या पिशवीत काय नसतं हे सांगणं सोपं. तिने डब्यातून राजगिऱ्याचे दोन लाडू काढले. जगातल्या सगळ्यात महागड्या सीटांपैकी एकीवरचा माणूस बेचाळिसाव्या रांगेच्या वाटेत उभा राहून राजगिऱ्याचा लाडू खात होता आणि सदऱ्यावर पडलेले दाणे टिपून तोंडात टाकत होता. जाताना त्यांनी खिशातून चॉकलेटांचा छोटा खोका आणि बदामाच्या दोन पुड्या काढून आमच्या ट्रेवर ठेवल्या. "वर असंच ठेवलेलं असतं," म्हणाले.

दुसऱ्या खेपेला आले ते ओल्या केसांनी. अंघोळ झाली होती. फरशी खालून गरम केलेली, टॉवेल जाड, साबणापासून अत्तरापर्यंत सगळं ओळीने मांडलेलं. आत पाण्याचा वेळ दाखवणारी खूण असते, आणि नळ बंद केला की वेळही थांबतो. हे कळल्यावर भाऊजींनी अंग ओलं करून नळ बंद केला, साबण लावून चालू केला, पुन्हा बंद केला, आणि मधल्या वेळात सबंध अथर्वशीर्ष म्हटलं. पन्नास वर्षं बादलीतल्या पाण्यात अंघोळ केलेल्या माणसाला पाच मिनिटांची धार म्हणजे पूर. बाहेर आले तेव्हा पाणी उरलं होतं.

"दीड मिनिट शिल्लक आहे," ते ताईला म्हणाले. "मी त्या मुलीला विचारलं, माझ्या मिसेसच्या नावावर वळवता येईल का."

"काय म्हणाली?"

"हसली. नियम माहीत नसला की माणसं हसतात."

खरा पेच चंद्राचा होता. संकष्टी सुटते ती चंद्रोदयाला. आम्ही दुबईहून सकाळी निघालो होतो आणि सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे धावत होतो. चौदा तास झाले तरी खिडकीबाहेर ऊनच राहणार होतं. न्यूयॉर्कला उतरणार तेव्हा तिथे दुपार. दिनदर्शिकेत पुणे, मुंबई, नागपूर, बेळगाव अशा गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापतात. अटलांटिक महासागराची छापत नाहीत. न्यूयॉर्कचा चंद्र धरला तर सबंध विमानप्रवास उपासात जाणार, आणि वरच्या मजल्यावरचं सगळं अन्न अनुज्ञेय होण्याआधीच विमान रिकामं होणार.

भाऊजी तिसऱ्या खेपेला आले ते निकाल घेऊनच. "मुख्यालय पुणे," त्यांनी जाहीर केलं. "कर्मचारी दौऱ्यावर असला म्हणून त्याचं मुख्यालय बदलत नाही. प्रवासभत्त्याचा मूळ नियम आहे. तेव्हा चंद्रोदय पुण्याचा. नऊ वाजून सतरा मिनिटं."

"गणपतीला चालेल का हो असं?" ताईने विचारलं.

"न चालायला काय झालं? कसबा गणपती पुण्याचाच आहे."

विमान सुटलं तेव्हा पुण्यात सकाळचे दहा वाजले होते, उतरायला मध्यरात्र होणार होती. म्हणजे पहिले अकरा तास उपास आणि शेवटचे जेमतेम तीन तास वसुली. त्या अकरा तासांत झोपावं, असं कुणालाही वाटलं असतं. हवाई सुंदरीने येऊन खुर्चीचा पलंग केला, वर गादी घातली, दिवे मंद केले, छतावर चांदण्यांसारखे ठिपके उमटले. भाऊजी पाच मिनिटं आडवे झाले आणि उठून बसले. झोप घरीसुद्धा मिळते, आणि ती फुकट असते. इथे तासाला किती पॉइंट खर्ची पडताहेत, हा भागाकार त्यांनी गादीवर बसून केला, आणि उत्तर बघून त्यांची उरलीसुरली झोपही गेली. मग त्यांनी सूटमधली सगळी बटणं दाबून पाहिली, दार सात-आठ वेळा उघडलं-मिटलं, आरशासमोरच्या खणातली क्रीम वाचली, आणि मागच्या बाजूला असलेल्या गोल बारमध्ये जाऊन संत्र्याचा रस पीत उभे राहिले. तिथे एका जर्मन प्रवाशाला त्यांनी एकवीसपट पुण्याची योजना समजावून सांगितली. त्याने विचारलं म्हणे, की हे पुण्य दुसऱ्या कुणाला देता येतं का. भाऊजींच्या मते एवढा हुशार माणूस त्यांना सबंध प्रवासात दुसरा भेटला नाही.

पुण्यात चंद्र उगवला. भाऊजींनी सूटमध्येच पूर्वेकडे तोंड करून, म्हणजे विमानाच्या शेपटीकडे तोंड करून, नमस्कार केला आणि मेनू हातात घेतला. शाकाहारी असेल ते सगळं मागवलं. चार घासांत पोट भरलं. अकरा तास बदाम, खजूर आणि बटाटा खाल्लेल्या माणसाच्या पोटात किती जागा असणार? शेवटी दही मागून घेतलं, भात कालवला आणि आडव्या चमच्याने खाल्ला.

न्यूयॉर्कला दार उघडलं तेव्हा सगळ्यात आधी बाहेर पडलेले भाऊजी इमिग्रेशनच्या रांगेत आमची वाट बघत उभे होते. तिथे सगळ्यांना एकच रांग. भाचीच्या गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मला सांगितलं, "तसं म्हटलं तर त्या लोकांनाही काही मिळालं नाही. लुफ्तान्झासाठी जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने अभ्यास केलाय. विमानातल्या हवेच्या दाबाला जिभेला मीठ आणि साखर कमी कळते. म्हणजे ज्यांनी खाल्लं त्यांनाही चव कळलेली नाही. मी निदान एकवीसपट तरी घेतलं." आणि मान टाकून गाढ झोपले. होबोकन गेलं, नेवार्क गेलं, त्यांना पत्ता नव्हता.

परतीच्या वेळी पुन्हा एकाच माणसाचे माइल्स जमले. दिनदर्शिका आधी बघितली. काही नव्हतं, साधा गुरुवार. भाऊजींनी तिकीट ताईच्या नावाने काढलं. नातवाला कडेवर घेऊन घेऊन तिची कंबर धरली होती, हे खरं कारण. पण ते त्यांना सांगता येईना. "मी एकदा घेतलंय. त्याच अनुभवावर दुसऱ्यांदा खर्च टाकणं हिशेबात बसत नाही," एवढंच म्हणाले. वहीत त्या तिकिटासमोर त्यांनी कारणाचा रकाना कोरा ठेवला. त्यांच्या वहीत कोरा रकाना मी पहिल्यांदा पाहिला.

मात्र ताईच्या हातात त्यांनी लाल शाईत लिहिलेला कागद दिला. ‘सूचना’ असं वर शीर्षक, खाली तासवारी. पहिला तास : खजूर, कॉफी, पायजमा घ्यावा. दुसरा तास : कॅव्हियार मागवावं, खाऊ नये, फोटो काढावा. चौथा तास : स्नान. नळ मध्ये मध्ये बंद करावा. सातवा तास : बार, उभं राहावं. असं बारा तासांचं.

माझ्या शेजारी, इकॉनॉमीच्या मधल्या सीटवर, भाऊजी रात्रभर घड्याळ लावून छताकडे बघत होते. ताई आमच्या डोक्यावरच कुठेतरी होती. "आता कॉफी झाली असेल," ते छताकडे बोट करून म्हणत. "आता न्हाणीघरात गेली असेल." मध्येच दचकून, "तिला नळ थांबतो हे लक्षात राहील ना रे?" त्यांनी मेसेज पाठवले, तिचा फोन बंद होता. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की ताईला श्वास घ्यायला फुरसत नाही. कधी नव्हे इतके ते त्या रात्री खूष होते. स्वतः वर बसले होते तेव्हासुद्धा इतके नव्हते.

दुबईला ताई भेटली. चेहरा टवटवीत. नेसती साडी चुरगळलेली.

"पायजमा?"

"कोण बदलत बसतंय."

"अंघोळ?"

"घरी गेल्यावर करीन की."

"जेवण? कॅव्हियार? फोटो?"

"अहो, त्या मुलीने इतकी छान गादी घालून दिली. म्हटलं, जरा पाठ टेकू. ती थेट उतरायच्या वेळेला तिने हलवून उठवलं. इतकी शांत झोप मला लग्न झाल्यापासून लागली नव्हती. ना कुकर, ना बेल, ना नातू."

भाऊजी काही बोलले नाहीत. मुंबई येईपर्यंत बोलले नाहीत. पुण्याच्या गाडीत खंडाळ्यापर्यंत बोलले नाहीत. लोणावळ्याला चहा घेताना त्यांनी माझ्याकडून बिलाची पावती मागून घेतली आणि तिच्या पाठीवर भागाकार मांडला.

त्यानंतर आमच्या नात्यागोत्यात असं घर उरलं नाही जिथे भाऊजींनी हे सांगितलं नाही. स्वतःच्या प्रवासातलं ते आता काही सांगत नाहीत. अंघोळ नाही, पायजमा नाही, बटाटा तर नाहीच. "आमच्या हिने," ते छाती पुढे काढून म्हणतात, "सलग साडेअकरा तास झोप काढली. तासाचा भाव काढलाय मी. मिनिटाचाही काढलाय. पुणे जिल्ह्यात एवढ्या भावाची झोप आजवर कुणी घेतलेली नाही." आणि ताईकडे अशा कौतुकाने बघतात, की तिने जणू बोर्डात नंबर काढला आहे.

परवा गौरी जेवणाच्या दिवशी हेच चाललं होतं. ताई वाढता वाढता थांबली. "अहो, एवढं कौतुक आहे ना माझ्या झोपेचं? मग पहाटे दोनला उठून दिवे लावून ती विमानं शोधायची बंद करा. मी इथेच झोपेन. रोज. फुकट."

पंगतीत हशा पिकला. भाऊजी मात्र हसले नाहीत. "रोज?" त्यांनी विचारलं. "साधारण किती तास धरायचे?" आणि डावा हात कोरडा होता, त्या हाताने वही पुढे ओढून जमेच्या बाजूचं नवं पान काढलं.